पाणी चढताना जावं, उतरताना यावं

कोकण रेल्वेनं गोव्याकडे जाताना मध्येच गाडीचा आवाज बदलतो. खिडकीखाली रुंद, संथ, मातकट हिरवं पाणी येतं. दोन्ही काठांना गर्द झाडी असते, एखादी होडी चिखलात कलंडून पडलेली असते. शेजारचा माणूस ‘कुठली नदी हो?’ असं विचारेपर्यंत पूल संपलेला असतो. आपल्यापैकी बहुतेकांनी खाडी पाहिली आहे ती एवढीच. वरून, धावत्या गाडीतून, अर्धा मिनिट.

आज मी तुम्हाला त्या पाण्यावर उतरवणार आहे. लहान होडीतून, वल्ह्यानं, इंजिनाशिवाय. पोहता येत नसेल तरी हरकत नाही. भीती वाटत असेल तर फारच चांगलं, कारण पाण्याचा थोडा धाक असलेला माणूस होडीत नीट बसतो.

आधी खाडी म्हणजे काय ते पाहू. सह्याद्रीतून निघालेली नदी समुद्राला मिळायच्या आधी सपाटीवर येते, मंदावते. तिथे समुद्र तिला भेटायला आत येतो. दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा मागे जातो. हे येणं-जाणं जिथपर्यंत जाणवतं तिथपर्यंत खाडी. गोडं पाणी हलकं असतं, खारं जड. त्यामुळे पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत अनेक ठिकाणी वरचा थर गोडसर आणि खालचा खारट असतो. उन्हाळ्यात नदी आटते आणि खारं पाणी पार आतपर्यंत चढतं. एकाच जागेचं पाणी चैत्रात आणि भाद्रपदात वेगळ्या चवीचं असतं. तिथं राहणारे मासे, खेकडे, झाडं या सगळ्यांना हा बदल सोसावा लागतो. ज्यांना सोसतो तेच खाडीत टिकतात.

खाडीवर जायचं तर पहिला धडा वल्ह्याचा नसतो, घड्याळाचा असतो. आणि हे घड्याळ चंद्राचं आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं जातात. म्हणजे सहा तासांहून थोडा अधिक काळ पाणी चढतं आणि तेवढाच वेळ उतरतं.

आमच्या कोकणात यासाठी एक जुना हिशेब आहे. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाला एक भरती आणि संध्याकाळी सहानंतर दुसरी. द्वादशीला नऊ. बघा, रोजचा फरक पाऊण तासाचा धरला आहे. चंद्राच्या पन्नास मिनिटांच्या तो अगदी जवळ जातो आणि तोंडी करायला सोपा. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं हा हिशेब बोटांवर करत.

मात्र हा अदमास आहे. अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही जास्त इकडेतिकडे होतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडे थोडी आधी येते आणि मुंबईला नंतर. खाडीच्या मुखापाशी ती आधी पोचते, आतल्या गावात उशिरा. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं छापली जातात, ती पाहावीत. हल्ली मोबाइलवरही वेळा मिळतात. पण अदमास डोक्यात असला की कोष्टकातली चूक चटकन दिसते आणि होडीवाल्याशी बोलायला तोंड मिळतं.

आमच्या घरात हा हिशेब दोन पद्धतींनी चाले. माझे आजोबा खलाशी होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथीही असायची आणि हिजरी तारीखही. दोन्ही चंद्रावरच चालतात. चांद दिसल्यापासून मोजायची आमची तारीख आणि तिथी यांत एक-दोन दिवसांचं अंतर पडतं, इतकंच. त्यामुळे आजोबांना ठाऊक असे की रमजान ईद नेहमी उधाणात येणार, कारण ती अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी असते. बकरी ईद चांदच्या दहाव्या दिवशी, तेव्हा पाणी मंद असणार, नुकतंच उधाणाकडे वळलेलं. आणि नारळी पौर्णिमा म्हणजे उधाणच. सण कुणाचाही असो, पाणी त्याच एका चांदाकडे बघून चढतं.

उधाण आणि भांग हे दोन शब्द लक्षात ठेवा. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सर्वांत उंच चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात येते, चढ-उतार कमी होतो. तो भांग. मुंबईला मोठ्या उधाणात भरतीची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते. दक्षिणेकडे, सिंधुदुर्ग-गोव्याकडे हा चढ-उतार बराच कमी असतो. नवशिक्याला म्हणूनच दक्षिण कोकणातल्या खाड्या सोयीच्या.

आणखी एक गंमत आहे आणि ती जीव वाचवणारी आहे. पाणी सहा तास सारख्या वेगानं चढत नाही. समजा, एका भरतीत पाणी बारा वीत चढणार आहे. पहिल्या तासात ते एक वीत चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. उतरतानाही तसंच. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. त्या वेळी खाडीला जोराची ओढ असते. भरती पुरी व्हायच्या सुमारास मात्र पाणी जवळजवळ निश्चल असतं. नवशिक्यानं होडीत बसायचं ते भरती पुरी व्हायला दीड-दोन तास राहिले असताना. चढतं पाणी होडीला आत नेतं, वर पोचेपर्यंत ते थांबतं, घटकाभर विसावा मिळतो आणि उतरतं पाणी परत आणून सोडतं. येताना-जाताना दोन्ही वेळा पाणी तुमच्या बाजूनं. पाणी चढताना जावं, उतरताना यावं, एवढं पाळलं की निम्मी सफर साधली.

वाऱ्याचंही तसंच. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो आहोत. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटेपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुपारी जमीन तापते आणि वारा समुद्राकडून येतो, तो चांगला जोरात. त्यामुळे खाडी सकाळी आरशासारखी असते आणि दुपारी तिच्यावर सुरकुत्या पडतात. सकाळी नऊच्या आसपास भरती पुरी होणारा दिवस निवडावा. आपल्या हिशेबानं तो द्वादशी-त्रयोदशीच्या सुमाराचा. तेव्हा पाणी भरपूर असतं आणि ओढ उधाणाएवढी नसते. ऋतू म्हणाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात खाडीच्या वाटेला जाऊ नये.

हे सगळं मी अनुभवलं वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत. बंदराजवळचीच ही लहानशी खाडी. तिथं स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ साली कांदळवनाची सफर सुरू केली. मच्छीमार कुटुंबांतल्या या बायका. होडी त्याच वल्हवतात आणि झाडापाखरांची माहितीही त्याच देतात. माझ्याबरोबर माझा भाचा होता. बारा वर्षांचा, पुण्यात वाढलेला. पाणी त्याला तरणतलावातलं माहीत, निळ्या फरशीचं, तळ दिसणारं. हे गढूळ पाणी पाहून तो माझा हात सोडेना.

होडीत चढण्यापूर्वी लाइफ जॅकेट. ते नुसतं अंगावर टाकायचं नसतं, सगळे पट्टे आवळायचे असतात. खांद्याला धरून कुणी वर ओढलं तर ते कानापर्यंत सरकता कामा नये. लहान मुलाला लहान मापाचं. पट्टीचा पोहणारा असलात तरी घालायचं, कारण डोकं आपटून शुद्ध हरपली तर पोहणं कामाला येत नाही. जिथं जॅकेट मिळत नाही तिथं होडीत बसू नये, मग होडीवाला कितीही ओळखीचा असो.

चढताना होडीच्या मधोमध पाय ठेवायचा, काठावर नाही. एका वेळी एकानंच चढायचं आणि लगेच बसायचं. मी कवी माणूस, पाय ठेवताक्षणी समोरच्या झाडीकडे बघत उभा राहिलो. वल्ह्यावरच्या ताई म्हणाल्या, “काकानू, आधी बसा, मगे बघा. होडयेत उभे रवा नकात.” त्यामागचं शास्त्र सोपं आहे. होडीचा तोल ती आणि तिच्यात बसलेली माणसं यांचा एकत्रित भार किती खाली आहे यावर ठरतो. आपण बसलो की भार खाली येतो आणि होडी स्थिरावते. उभे राहिलो की तो वर जातो आणि लहानशा झोक्यानंही ती कलते. होडी डुलली तर तिला डुलू द्यावं. तोल सावरायला उलट्या बाजूला झेप घेतली की ती खरोखरच उलटते.

वल्हं धरण्याची रीत भाच्यानं माझ्याआधी उचलली. होडीच्या तोंडाकडे बघत बसायचं. एक हात वल्ह्याच्या वरच्या टोकावर, दुसरा दांड्यावर खाली. पातं पुढे, पावलांच्या रेषेत पाण्यात सरळ उभं बुडवायचं, कमरेपर्यंत मागे ओढायचं आणि काढून घ्यायचं. जोर दंडांचा नसतो, पाठीचा आणि कमरेचा असतो. नुसत्या हातांनी ओढाल तर दहा मिनिटांत खांदे भरून येतील. उजवीकडे वल्हं मारलं की होडीचं तोंड डावीकडे वळतं, डावीकडे मारलं की उजवीकडे. मागे बसलेला माणूस वल्हं पाण्यात तिरकं धरून त्याचं सुकाणू करतो. नवशिक्याचं काम इतकंच की पुढच्याच्या लयीत आपलं वल्हं पडू द्यावं. दोघांची लय जुळली की होडी सरळ जाते. जुळली नाही की नागमोडी जाते, घरातल्या संसारासारखी. पण जाते.

सुकाणू हा शब्द आला म्हणून सांगतो. तो अरबीतून आपल्याकडे आला. खलाशीही अरबी. नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, होडीचा धनी. बंदर फारसी, दर्या फारसी. मान्सूनच्या मुळाशी अरबी मौसिम आहे. कोकणच्या बंदरांत आणि अरबस्तान-इराणच्या बंदरांत शेकडो वर्षं गलबतांची ये-जा होती. माल उतरला तसे शब्दही उतरले आणि इथंच राहिले. आज कोळीवाड्यातला नाखवा हा शब्द परका म्हणून कुणी ओळखणार नाही. पाण्यावर चालणाऱ्या माणसांची भाषा अशीच होते.

होडी आत शिरते तशी दोन्ही बाजूंनी कांदळवन जवळ येतं. लांबून ते एकसारखं हिरवं दिसतं. जवळून प्रत्येक झाडाची तऱ्हा वेगळी. चिखलात हवा नसते, म्हणजे मुळांना श्वास घ्यायला जागा नाही. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो टोकं वर आलेली दिसतात. ती त्याची श्वास घेणारी मुळं. ओहोटीत ती उघडी पडतात तेव्हा झाड दम घेतं. कांदळाची मुळं खोडातूनच कमानीसारखी निघून पाण्यात उतरतात, जणू झाड चिखलात टेकू लावून उभं आहे.

मग मिठाचं काय करायचं? काही झाडं मुळाशीच मीठ गाळतात. तिवर ते आत घेतं आणि पानांवाटे बाहेर टाकतं. ताईंनी फांदी न तोडता एक पान नुसतं वाकवून भाच्यापुढे धरलं. “ह्या पान चाटून बघ रे बाबू.” त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं. खारट! पुस्तकात हे वाक्य एका ओळीचं असतं. जिभेवर घेतलं की आयुष्यभर विसरत नाही. पण एक सांगतो, माहीतगारानं दाखवलेलंच पान चाटावं. याच वनात असंही एक झाड आहे ज्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती असते. इथं आपल्या मनानं फांद्या ओढायच्या नाहीत.

कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. फळातून हिरव्या शेंगेसारखा लांब कोंब लोंबतो. वेळ आली की तो गळतो. ओहोटी असेल तर खाली चिखलात उभा रुतू शकतो. भरती असेल तर पाण्यावर तरंगत जातो आणि दूर कुठं तरी जागा मिळाली की मूळ धरतो. वाहत्या, खारट, हलत्या जागेत बी टाकून मोकळं होणं या झाडाला परवडत नाही. ते पोराला पायावर उभं करूनच घराबाहेर पाठवतं.

आणि पांढरी चिप्पी. हिची फुलं संध्याकाळी उमलतात आणि एका रात्रीची असतात. पांढऱ्या तंतूंचा नुसता झुबका. सकाळी ते तंतू पाण्यावर तरंगताना दिसतात. २०२० साली महाराष्ट्रानं पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. आंबा हा आपला राज्यवृक्ष आहे हे शाळेतलं पोरही सांगेल. चिप्पीचं नाव मात्र किती जणांनी ऐकलं असेल?

वल्हं पाण्याबाहेर धरून गप्प बसलात की खाडीतले लोक बाहेर येतात. चिखलावर निवट्या उड्या मारतात. मासा असून पाण्याबाहेर राहणारी, डोळे डोक्यावर असलेली ही निवटी पाहून मुलं हमखास हसतात. एकच नांगी भली मोठी असलेले लहान खेकडे ती नांगी हलवत बसतात, सगळे नरच. माद्यांना बोलावणं आणि दुसऱ्या नराला दम देणं ही दोन्ही कामं त्या एका नांगीनं होतात. फांदीवर खंड्या असतो, काठावर वंचक, उथळ पाण्यात शेपटी हलवत तुतवार. वर ब्राह्मणी घार. नशीब असेल तर पाणमांजर डोकं वर काढून तुमच्याकडे बघतं. इंजिनाच्या होडीतून यातलं फारसं काही दिसत नाही. आवाज पुढे जातो आणि तुम्ही मागून पोचता.

आम्ही आत पोचलो तेव्हा पाणी भरत आलं होतं. तरंगणारं एक पिवळं पान होडीच्या बाजूला होतं, ते पुढेही जाईना आणि मागेही जाईना. भाच्यानं माझा हात केव्हाच सोडला होता. तो त्या पानाकडे बघत म्हणाला, “मामू, पाणी थांबलं?” मी काही बोलायच्या आत ताई म्हणाल्या, “थांबूक नाय, इचार करता हा. आता परततला बघ.” आणि थोड्या वेळानं ते पान खरंच हळूहळू समुद्राच्या दिशेनं निघालं. इतकी वर्षं कवितेच्या ओळी लिहितो आहे, पण भरती-ओहोटीच्या मधल्या घटकेला असं नाव मला सुचलं नव्हतं.

आता थोडं सावधगिरीचं. ओहोटी लागल्यावर रमत बसू नये. उथळ भागात होडी चिखलावर टेकली तर पुढची भरती येईपर्यंत तिथंच बसावं लागतं. होडी टेकली म्हणून खाली उतरायचं नाही. चिखल गुडघ्यापर्यंत ओढून घेतो आणि त्यात कालवांच्या शिंपा सुरीसारख्या धारदार असतात. खाडीच्या मुखाकडे लहान होडी नेऊ नये. तिथं ओहोटीचं पाणी बाहेर पडत असतं आणि समोरून लाटा आत येत असतात. दोन्ही भिडले की लाटा उभ्या राहून फुटतात. कोकणच्या किनाऱ्यावर पाहुणे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. समुद्राला नदी मिळते त्या जागेशी केलेली सलगी जिवावर बेतू शकते. आणि होडी उलटलीच तर तिला धरून राहायचं. ती तरंगते आणि लांबून दिसते. एकट्या माणसाचं डोकं दिसत नाही.

सगळ्या खाड्या सारख्या नसतात, हेही लक्षात असू द्या. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यातही आहेत. तिथं मगरी दाखवायला मोठ्या होड्या जातात, पण पाण्यात हात सोडून बसण्याची ती जागा नाही. म्हणून स्थानिक माणसाशिवाय कोणत्याही खाडीत उतरायचं नाही. बरोबर पाणी, टोपी, मागे पट्टा असलेल्या चपला आणि मोबाइल ठेवायला घट्ट तोंडाची प्लॅस्टिकची पिशवी घ्यावी. जीन्स घालू नये, भिजली की जड होते. आणि ती प्लॅस्टिकची पिशवी आपल्याबरोबर घरी परत न्यावी.

तुम्ही विचाराल, एवढं सगळं एका तासाच्या फेरीसाठी? त्याचं उत्तर थोडं लांबचं आहे.

मी ज्या गावात वाढलो ते खाडीकाठचं. पलीकडे जायला तर होती. बाजार, शाळा, लग्न, मयत, सगळं तरीवरून. आजोबांना होडी येत होती. वडील मुंबईला गोदीत कामाला गेले. माझ्या कॉलेजच्या दिवसांत पूल झाला आणि तर बंद पडली. पुलानं फार सोय झाली. बाळंतिणीला भरतीची वाट बघत काठावर थांबावं लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण पूल झाला आणि गावानं खाडीकडे पाठ केली. जे अंगण होतं ते परसू झालं, आणि परसात माणूस कचरा टाकतो. कुणी भराव घातला, कुणी तिवर तोडून सरपण केलं. आज गावातल्या पोरांना पाणी किती वाजता चढतं ते सांगता येत नाही.

याची किंमत मोजावी लागते. कांदळवनाच्या मुळांत मासळीची पिल्लं वाढतात. वन गेलं की जाळं हलकं होतं. ही मुळं गाळ धरून ठेवतात, काठ धरून ठेवतात. २००४ साली त्सुनामी आली तेव्हा तमिळनाडूत पिचावरमच्या कांदळवनामागच्या वस्त्यांना उघड्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांपेक्षा कमी झळ बसली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळानं रायगड आणि उत्तर रत्नागिरीत माड-पोफळी झोपवल्या, तेव्हा वादळ हा आता फक्त पूर्व किनाऱ्याचा विषय राहिला नाही हे आपल्याला कळलं.

कायदा आहे. राज्यानं २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन केला. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनाची तोड रोखणारा सविस्तर निकाल दिला. पण कायद्याचा माणूस प्रत्येक खाडीच्या वळणावर उभा राहू शकत नाही. तिथं रोज असते ती होडी. वेंगुर्ल्यातल्या त्या बायकांच्या घरात या झाडांमुळे चार पैसे येतात, म्हणून झाडांवर त्यांची नजर असते. कुणी कोयता घेऊन आलं तर त्यांना ते आधी कळेल. तुमच्या तिकिटाचे पैसे त्या नजरेसाठी असतात, असं मी समजतो.

मात्र याच पैशानं उलटंही होऊ शकतं. पाहुणे वाढले की इंजिनाच्या होड्या येतात, गाणी लागतात, काठावर बाटल्या पडतात. होडीच्या लाटांनी काठ ढासळतो आणि पाखरं उठून जातात. म्हणून जाताना कमी माणसं जा, सुट्टीचा दिवस टाळता आला तर टाळा, वल्ह्याची होडी मागा. घाई करू नका आणि भावात घासाघीस करू नका. तासभर वल्हं मारून बघितलंत की ते पैसे जास्त वाटणार नाहीत.

एक शेवटची गोष्ट, आणि ती फुकट आहे. कोकणात कुठंही गेलात, मुक्काम कितीही लहान असो, तर तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, “आज पाणी किती वाजता?” तो आधी तिथी आठवेल, बोटं मोजेल आणि वेळ सांगेल. बरोबर एखादं मूल असेल तर त्याच्यासमोर विचारा. तिथीची पाऊणपट करणारी ती बोटं आहेत, तोवर हिशेब शिकून घेता येईल.